आडवे दांडे

१२ नोव्हेंबर

काम मिळालं. नीलेशने फोनवर सांगितलं आणि त्याच दमात म्हणाला, "आता तिथे जाऊन कोणाशी भांडू नकोस गं." अभिनंदन नाही, शाबास नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ह्या माणसाला माझी एकच गोष्ट दिसते.

समुद्रकाठच्या एका गावाची नगरपरिषद आहे. त्यांना बंदरापासून चौपाटीपर्यंत स्टीलची बाकं हवीत. जाहिरातीत शब्द होते, "कलात्मक व उपयुक्त". ते दोन शब्द एकत्र वाचून मी खुर्चीतून उठलेच. आमच्या साजगावातून समुद्र कुठल्या कुठे. इथे आम्ही मोहोपाड्याच्या कॉलन्यांना जिन्याचे कठडे देतो आणि कर्जतकडच्या फार्महाउसांना फाटकं. मुंबईत राहून मी धातुकाम शिकले ते ह्यासाठी नव्हे. त्या फाटकांवर मी इतके हंस चढवलेत की आता खरा हंस दिसला तर त्याला ग्राइंडर लावीन.

शेडमध्ये ओरडायचं नाही असं ठरवलंय. इथे, ह्या वहीत ओरडायचं.

१६ नोव्हेंबर

जागा बघून आलो. गावाचं नाव इथे लिहीत नाही. काम मनासारखं झालं तर बघू.

सध्या तिथे सिमेंटची बाकं आहेत. बसायला चिंचोळी जागा आणि पाठ मात्र ही एवढी उंच, कारण पाठीवर देणगीदाराचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, सौजन्य, शुभेच्छा. तोंड रस्त्याकडे, समुद्राकडे पाठ. गाडीतून जाणाऱ्याला नाव वाचता यावं म्हणून बसणाऱ्याने समुद्र बघायचा नाही!

बंदराच्या तोंडाशी एक म्हातारी कोळीण डोक्यावर भरलेली पाटी घेऊन नुसती उभी होती. धोंडूबाई नाव. मला वाटलं वाहनाची वाट बघतेय.

"रिक्षा हवी का मावशी?"

"रिक्षा नाय गं बाय. मानूस हवा. पाटी उतरवाया."

"एकटीला उतरवता नाही येत?"

"येते ना. मग मान तरी जाते नायतर मासली तरी जाते."

मी हात दिला. पाटीतलं खारं पाणी माझ्या बाहीतून कोपरापर्यंत गेलं. बाकाकडे बोट दाखवून विचारलं, तिथे का नाही बसत? ती हसली. "त्यावर मी बसू का पाटी बसवू?"

तिथेच डोक्यात चित्र आलं. परतताना टेंपोच्या काचेवरच्या धुळीत बोटाने काढून नीलेशला दाखवलं. त्याने पाहिलं, गाडी चालवत राहिला, आणि म्हणाला, "स्टील उन्हात तापतं. त्याचा विचार कर." त्याचं पहिलं वाक्य कायम असंच. तापतं. गंजतं. बसत नाही हिशेबात. मी काच पुसून टाकली.

४ डिसेंबर

आज नगरपरिषदेत चित्र दाखवलं. बाक म्हणजे समुद्राकडे तोंड केलेला एकच लांब वळणदार पट्टा. समुद्रातून जाळं ओढताना दोर मध्येच झोल खातो, तसा. पाइप एकाला एक समांतर, मध्ये फटी, म्हणजे वारा खेळेल आणि बूड भाजणार नाही. तेच पाइप मागे वर चढून पाठ होतात, आणि आणखी वर, उभ्या बाईच्या हनुवटीला येईल अशा उंचीवर, पुढे वळून त्यांची फळी होते. बाईने बाकाशी यायचं, डोक्यावरची पाटी फळीवर सरकवायची, खाली बसायचं. फळीची सावली बसणाऱ्यावर. (तापण्याचा विचार केला. त्याला सांगितलं नाही.)

मुख्याधिकारी साहेबांनी मान डोलावली. सुशोभीकरण समितीचे अध्यक्ष म्हणून एक गृहस्थ होते, त्यांचं चौपाटीसमोर हॉटेल आहे. ते म्हणाले, "वा मॅडम, सेल्फी पॉइंट होणार हा!" मी म्हटलं, पाट्यांसाठी आहे. ते म्हणाले, "हो हो, कल्चरल टच." टच! नीलेशने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

मग मला बाहेर चहा दिला आणि नीलेशला आत बसवून ठेवलं. "जरा तांत्रिक बोलायचंय." तंत्र माझं, चित्र माझं, आणि तांत्रिक बोलायला नवरा! मी तीन कप चहा प्याले. तो बाहेर आला तो गप्प. पेण मागे पडलं तरी गप्प. काय झालं म्हटलं तर, "काही नाही. काम आपलंच आहे." बायकोचं चित्र पसंत पडलं की ह्याचा चेहरा असा होतो, हे मला माहीत नव्हतं.

२१ डिसेंबर

पहिला पट्टा उभा राहिला!

फळीची उंची कागदावर कळत नव्हती. आमच्याकडे पॉलिशला येणारी जनी डोंगरावरच्या वाडीतली आहे, लाकडाची मोळी डोक्यावरून आणते. तिला म्हटलं, मोळी घे आणि चालत ये. ती लाजली. मग आली. फळीला मोळी लावली आणि मोळी अडकली, जनी पुढे, मोळी मागे, तोल गेला आणि दोघी जमिनीवर. सगळी शेड हसली. जनी सर्वांत जास्त. सखाने, आमच्या जुन्या वेल्डरने, फळीचा पुढचा पाइप थोडा खाली वाकवला. परत केलं. मोळी गेली सर्रकन.

"येकदम लोन्यावानी," जनी म्हणाली, आणि मोळी तिथेच ठेवून बाकावर बसली. मग पाय वर घेऊन बसली. मग जेवायच्या सुट्टीत सगळेच त्यावर. मी दूर उभी राहून बघत होते. हंसांना विसरले.

नीलेश ऑफिसच्या दारातून बघत होता. आत निघून गेला. माझं काही चांगलं झालं की ह्याला आतच जायचं असतं.

९ जानेवारी

रागात लिहितेय. अक्षर वाचता येणार नाही. नाही आलं तरी चालेल.

सकाळी कर्जतला गेले होते, एका फाटकाचं माप घ्यायला. दुपारी येऊन बघते तर सखा माझ्या बाकावर आडवे दांडे लावतोय. बसलेल्याच्या कोपराएवढे उंच, उलट्या यूसारखे, एका माणसाच्या बुडाएवढी जागा सोडून एक, मग दुसरा, मग तिसरा. अख्खा पट्टा चिरून ठेवला. दोराला गाठीवर गाठी मारल्यासारखा.

"सखा, काय हे?"

त्याने तोंडावरची वेल्डिंगची काच वर केली. नजर खाली. "वयनी, ड्रॉइंगमधी नाय हाय, ठाव हाय मला. पन शेट बोलले लावायचे."

शेट! मी ऑफिसात गेले. नीलेश उठून उभाच होता. म्हणजे त्याने माझी गाडी ऐकली होती.

"समिधा, आधी ऐकून घे."

"काय आहेत ते?"

"हात टेकायला. आर्मरेस्ट."

"खरं बोल."

तो खाली बसला. "कोणी झोपू नये म्हणून. आणि... त्या बायकांनी पथारी मांडून विकायला बसू नये म्हणून. हॉटेलवाल्याचं म्हणणं, गिऱ्हाइकाला वास येतो. त्या दिवशीच सांगितलं होतं त्यांनी. दांडे नसतील तर काम दुसऱ्याला."

"त्या दिवशी? म्हणजे मी बाहेर चहा पीत होते तेव्हा? आणि तू आत्ता सांगतोयस?"

"तुला सांगितलं असतं तर तू तिथल्या तिथे टेबल उलटं केलं असतंस."

"केलंच असतं!"

"मग फळीही गेली असती." त्याचा आवाज चढला, जो चढत नाही कधी. "त्यांना फळीच नको होती, समिधा. पाट्या ठेवायला जागा दिली तर बायका येणारच, असं तोंडावर बोलले. फळी राहू द्या, दांडे घाला, असं करून फळी राखली मी."

उपकार झाले! पाटी ठेवायची आणि पाटीवालीने बसायचं नाही. पाटी बघेल समुद्र.

मी टेबल उलटं केलं. ऑफिसातलं. प्रिंटर गेला.

१० जानेवारी

बोलत नाही त्याच्याशी.

१३ जानेवारी

बोलत नाही. त्याने नवा प्रिंटर आणला नाही. बिलं हाताने लिहितोय, समोर बसून, मला दिसावं म्हणून.

मी काम सोडून जावं का? गेले तर बाकं दांड्यांसकट जातीलच, फक्त पॉलिशही भिकार होऊन. राहिले तर माझ्याच हाताने ते दांडे चकाकवायचे. राहिले. चकाकवले. स्वतःचा इतका राग मला पूर्वी आला नव्हता.

२४ जानेवारी

उद्घाटन झालं. मांडव, फुगे, स्पीकर. बाजूच्या संगमरवरी फलकावर खाली बारीक अक्षरात "जगदीश फॅब्रिकेशन, साजगाव". जगदीश म्हणजे माझे सासरे, वारले. माझं नाव कुठेच नाही. आज त्याचं वाईट वाटलं नाही.

अध्यक्ष माइकवर म्हणाले, "आता इथे कोणी लोळणार नाही, पथारी पसरणार नाही. आपला किनारा, आपली शान." टाळ्या.

टाळ्या संपेपर्यंत धोंडूबाई आल्या. पाटी घेऊन, सरळ मांडवातून. बाकापाशी थांबल्या, फळीवर पाटी सरकवली. गेली सर्रकन. माझ्याकडे बघून हसल्या. मग त्या बसायला गेल्या.

धोंडूबाई जाड आहेत. दोन दांड्यांच्या मध्ये त्या अर्ध्या बसल्या आणि अडकल्या. उठताही येईना. नऊवारीचा काठ दांड्यात गुंतला. पुढच्या रांगेतली कॉलेजची पोरं मोबाइल काढून हसायला लागली. अध्यक्षही हसले, हात तोंडावर धरून, सभ्य माणसासारखे.

मी आणि नीलेश दोघांनी धरून त्यांना उठवलं. त्या माझ्या कानाशी बोलल्या, "काय गं बाय. पाटीला जागा केलीस, मग मला शिंगं कशाला लावलीस?"

मला सांगता आलं नाही, मी नाही लावली म्हणून. कारण लावली ना. पॉलिश माझं होतं.

येताना नीलेश म्हणाला, "मला माहीत नव्हतं असं होईल." मी म्हटलं, "तुला कधीच माहीत नसतं."

४ फेब्रुवारी

कालचं आज लिहितेय.

नीलेश काल लोधिवलीला कठडा बसवायला गेला होता. मी टेंपो काढला. बॅटरीचा ग्राइंडर, कापायच्या चकत्या, चष्मा, शेडचा निळा कोट. कोणाला सांगितलं नाही. मी पळत नव्हते, लपत नव्हते, हे इथे लिहून ठेवते. भर सकाळी, बाजाराच्या वेळेला गेले.

गंमत अशी की कोणी अडवलंच नाही. निळा कोट आणि हातात यंत्र असलं की माणूस सरकारी दिसतो. पर्यटकांनी पाय बाजूला घेतले. एक जण म्हणाला, "आताच बसवलं आणि आताच दुरुस्ती? भ्रष्टाचार, दुसरं काय!"

पहिला दांडा पडला. ठिणग्या उडायला लागल्या तशा कोळणी जमल्या. धोंडूबाईंनी विचारलं नाही, काय करतेस. त्यांनी मासळीवरचं मेणकापड काढलं, दुसरं टोक एकीच्या हातात दिलं आणि दोघी ते धरून उभ्या राहिल्या, ठिणगी कोणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून. मी पुढच्या दांड्याला गेले की त्या मेणकापडासकट पुढे. असं अख्खं बाक झालं. मग दुसरं. मध्येच एक म्हणाली, "हा राह्यला बघ," एवढंच.

सगळे पडले. मग हॉटेलातून वॉचमन आला, त्याच्या मागून पोलीस.

ठाण्यात मला खुर्ची दिली. मी सांगितलं, मी कापले. का कापले तेही सांगितलं, सविस्तर, हॉटेलवाल्यासकट. इन्स्पेक्टर लिहून घेत नव्हते, पेन नुसतं फिरवत होते. "सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान होतं मॅडम हे. मोठं कलम आहे." मी म्हटलं, लावा. मला हवंय. कोर्टात सांगेन, पेपरात येऊ दे, लोकांना कळू दे बाकावर दांडे कोणासाठी असतात.

मला खरंच हवं होतं ते.

आणि तेवढ्यात नीलेश आला. वॉचमनने संगमरवरावरचं नाव वाचून शेडला फोन केला होता. कपडे सिमेंटचे, केसात धूळ, तसाच आलेला. मुख्याधिकारीही आले होते. नीलेशने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला,

"साहेब, गैरसमज झालाय. नुकसान नाही, दुरुस्ती होती. दांड्यांच्या कडा धारदार राहिल्यात, जोड पण कच्चे निघालेत. लहान मूल पडलं तर हात कापेल. आमच्याकडून काम खराब झालं. मीच पाठवलं हिला, काढून टाक म्हणून. परवानगी घ्यायची राहिली, ती माझी चूक."

मी उठले. "खोटं! एकही जोड कच्चा नाही. मी निषेध म्हणून कापले!"

"ती माझ्यावर रागावलीय," तो इन्स्पेक्टरना म्हणाला. "घरी भांडण झालंय आमचं."

आणि इन्स्पेक्टर हसले. हसून वही मिटली. "असं सांगा ना मग. घरचं भांडण घरी मिटवा, समुद्रावर कशाला आणता?"

ते हसू मी विसरणार नाही. इतक्या वर्षांत एकदा, एकदाच, मी राग नीट जागी वापरला. आणि ह्या माणसाने त्याचं बायकोचं रुसणं करून टाकलं.

मुख्याधिकाऱ्यांनी लेखी मागितलं. नीलेशने तिथेच बसून लिहून दिलं. सही केली. खाली वडिलांच्या नावाचा शिक्का मारला. शिक्का तो शेडमधून सोबत घेऊन आला होता! म्हणजे वाटेत सगळं ठरवून आला होता.

वाटेत मी त्याला भित्रा म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं. तो म्हणाला, "सीट बेल्ट लाव."

११ फेब्रुवारी

सखा दोन दिवस कामाला आला नव्हता. आज आला तो सरळ माझ्यापुढे.

"वयनी, माजा जोड कच्चा बोलले शेट? लेखी दिलं?"

"दिलं."

"थोरल्या शेटच्या वक्तापासनं हाय मी. आजवर माजा एक जोड सुटला नाय. कंपनीतलं सायब हातोडा मारून बघायचं."

"मला माहीत आहे, सखा. त्यालाच विचार."

त्याने विचारलं. शेडच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी दोघं उभे होते. इथून ऐकू येत नव्हतं. नीलेश बराच वेळ बोलत होता, मग मान खाली घालून उभा राहिला. मला वाटलं, सखा आता देतो एक ठेवून. द्यायलाच हवी होती. पण सखाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आत येऊन काम सुरू केलं. मी विचारलं, काय म्हणाला? तर सखा म्हणतो, "काय नाय वयनी. शेटनी सपष्ट सांगितलं, माजा जोड चांगलाच हाय."

गोड बोलून कोणालाही गुंडाळतो. सखालाही गुंडाळलं.

२७ फेब्रुवारी

मुख्याधिकाऱ्यांचा फोन आला होता, नीलेशसाठी. तो नव्हता, मी घेतला. माणूस माझ्यावरच ओरडायला लागला.

"तुमच्या मिस्टरांनी काय लिहून ठेवलंय हे? अध्यक्ष रोज माझ्या डोक्यावर बसतात, दांडे परत बसवा म्हणून. कसे बसवू? बनवणाराच लेखी देतो की ह्या जागी दांडा धोक्याचा आहे, मूल पडलं तर कापेल. उद्या खरंच कोणी पडलं तर जबाबदार कोण? मी! दुसऱ्या कोणाकडून बसवायला गेलो तर तेही तो कागद बघून नको म्हणतात."

मी म्हटलं, "मग नका बसवू." आणि फोन ठेवला. धड निर्णय घेता येत नाही अशी माणसं त्या खुर्चीवर बसवतात. कागदाला घाबरणारी.

१५ मार्च

मोहोपाड्याच्या कॉलनीचं कठड्याचं काम गेलं. तिथले साहेब म्हणाले, "तुमचे जोड सुटतात असं ऐकलं." फार्महाउसवाल्यानेही फाटक दुसऱ्याला दिलं. हंस गेले त्याचं दुःख नाही. पण "जोड सुटतात" हे जगदीश फॅब्रिकेशनबद्दल कोणी म्हणेल असं कधी वाटलं नव्हतं. सासऱ्यांच्या फोटोखाली बसून नीलेशने तो फोन ऐकला. "बरं" म्हणाला, ठेवला.

मी म्हटलं, "बघ, तुझ्या खोट्याने काय केलं."

तो म्हणाला, "हो."

नुसतं हो! भांडताही येत नाही ह्या माणसाशी.

२ एप्रिल

नीलेश आता टेंपो भाड्याने मारतो. भाजी, सिमेंट, कोणाचं सामान. पहाटे जातो, अंधार पडल्यावर येतो. घरी दिसत नाही. बरंच आहे.

शेडमध्ये सखा, जनी आणि मी. जनीने विचारलं, "बाई, ती बाकडी हायत ना अजून? बायका बसतात ना?" मी म्हटलं, माहीत नाही. गेलेच नाही मी परत. कशाला जाऊ? "आमचं काम खराब झालं" असं लिहून दिलेल्या बाकाकडे बघायला?

९ मे

आज गेलो. दोघंही. जावं लागलं.

नगरपरिषदेचा निरोप होता, दांडे कापलेल्या जागी खाऱ्या हवेने तांबूस डाग पडलेत, येऊन साफ करा. काम आमचंच, बघायची जबाबदारी आमची. नीलेश काल रात्रभर सिमेंट टाकून आला होता आणि तरी सकाळी टेंपोत बसला. मी रेडिओ लावला, त्याने बंद केला, मी परत लावला.

बाकं भरलेली होती. मला वाटलं होतं तशी नाही, त्याहून जास्त. फळीवर ओळीने पाट्या. खाली बायका, पाय सोडून, पाय दुमडून, एक जण आडवी होऊन दुसरीशी बोलत होती. टोकाला शाळेतल्या मुली एकीच्या मांडीवर एक. पाट्यांचं पाणी फळीवरून निथळून पाइपांच्या फटींतून खाली जात होतं, मी आखलं होतं तसं. हॉटेलच्या गच्चीवर माणसं जेवत होती. वास येत असणार. जेवत होती.

कापलेली खुंटं मात्र वाईट दिसत होती. मी कापताना रागात कापली, वेडीवाकडी, कोणाचंही कापड फाटेल अशी. नीलेश गुडघ्यावर बसला आणि एकेक घासायला लागला. मशीन नीट धरत नव्हता. मी हिसकावलं. "दे इकडे. तुला कधी पॉलिश जमलंय?" त्याने दिलं, आणि मी घासलं की तो बोट फिरवून बघायचा, कुठे टोचतंय का. टोचलं की नुसतं बोट ठेवायचा. मी परत घासायची. ह्या बाकाचं असं झालं, मग पुढचं. धोंडूबाई पाय वर घेऊन बसूनच राहिल्या, आम्ही त्यांच्या खालून घासलं.

"ह्यो कोन?" त्यांनी विचारलं.

"नवरा."

"ह्यानंच लावले होते ना दांडे?"

"ह्यानेच."

धोंडूबाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "आता पुन्ना लावाया आला असशील तर मेणकापड हाय हो माज्याकडं. तुज्यावर टाकीन." बायका हसल्या. तोही हसला. कितीतरी दिवसांनी मी त्याचे दात बघितले.

दुपारी बायका बाजारात गेल्या. मी टेंपोतून डबा घेऊन आले तर नीलेश बाकावर झोपलेला. फळीच्या सावलीत, लांबच्या लांब, एक हात खाली लोंबता, तोंड उघडं. डोळ्याखाली सिमेंट अजून तसंच. तो असा कधी दिसला होता आठवेना. मला रागच आला. काम अर्धं पडलंय आणि हा झोपतो!

उठवणार होते. तेवढ्यात शिटी वाजली. चौपाटीचा रखवालदार, काठी घेऊन.

"ओ, उठवा त्यांना. हितं झोपायचं नाय."

"कुठे लिहिलंय?"

"लिवलेलं नाय, पन सायेबांनी सांगितलंय. कोनीबी येऊन लोळतो." त्याने काठी बाकाच्या पाइपवर आपटली. नीलेश हलला नाही.

मी मध्ये जाऊन उभी राहिले. मशीन हातातच होतं. "परत आपटलीस तर बघ."

"अवो, पन हाय कोन त्यो?"

"ज्याने हे बाक बनवलं, तो," मी म्हटलं.

असं का म्हटलं, मला माहीत नाही. बनवलं मी. चित्र माझं, फळी माझी, दांडे कापले तेही मी. त्याने काय केलं? लावले, खोटं बोलला, बापाचं नाव खराब केलं. हे सगळं मला त्या रखवालदाराला सांगता आलं असतं. पण तो मान खाली करून, काठी बगलेत मारून निघून गेला होता.

राग गेला नाही. नीलेश उठला की त्याला सुनावायचं हेच मनात होतं. उभं राहून राहून पाय दुखायला लागले, तो उठेना. मग त्याच्या पायांशी मी बसले. दोघांना पुरेल एवढी जागा होती.